खरखरीत ओळ

पडद्याचा तुकडा, सोफ्याच्या कापडाची चिंधी आणि कपाटाच्या लाकडाची ढलपी पर्समध्ये घालून मी महिनाभर दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे सगळ्यांशी जुळणारी ही गुळगुळीत पोर्सेलीनची फरशी मिळाली. आणि मिस्त्रींनी हॉलच्या मधोमध बाल्कनीसाठी आणलेल्या करड्या, खरखरीत फरशांची एक ओळ बसवून टाकली! सासऱ्यांच्या पलंगापासून निघून सोफ्याला वळसा घालून जाणारी.

"काका, हे काय करून ठेवलंत? नव्याकोऱ्या कपड्याला ठिगळ लावल्यासारखं दिसतंय!"

"ओरडा नंतर, ताई. आधी बघा तर." त्यांनी सासऱ्यांना हाक मारली. "आजोबा, चप्पल काढा आणि या चालत."

दृष्टी गेल्यापासून दोन वर्षं सासरे कुणाचा हात धरल्याशिवाय पाऊल टाकत नव्हते. मी पुढे धावले, तर मिस्त्रींनी मला थांबवलं. सासऱ्यांचे अनवाणी तळवे फरशी चाचपत निघाले. मध्येच गुळगुळीत लागलं, तसा पाय मागे घेऊन ते पुन्हा ओळीवर आले. वळण आलं तिथे वळले. ओळ संपली तिथे थांबले, हात पुढे केला आणि माझ्या झोपलेल्या लेकीचा पाळणा हलकेच झुलवला.



"मी आपली बाथरूमपर्यंतच नेणार होतो ओळ," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. "पण आजोबांना विचारलं, एकट्यानं कुठं जायचंय? तर म्हणाले, नातीकडे."