कडव्यातलं ‘आई गं’

भर दुपारच्या शांततेत वॉशिंग मशीन टुंग करून थांबलं. कपडे काढता काढता मी आमच्या बँडचं एकेकाळी गाजलेलं गाणं गुणगुणू लागले.

“चुकलीस!” मोज्यांच्या जोड्या लावणारी लेक म्हणाली. “मध्ये ‘आई गं’ म्हणायचं असतं. टॉप गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरवरची ताई म्हणते, दुसऱ्या नंबरवरचा दादापण म्हणतो.”

“बाईसाहेब, ते दोघं माझंच गाणं नव्याने गातायत. पहिल्यांदा मी गायले होते.”

“तू? मग विसरलीस कशी?”

नवरा खो खो हसला. “भोग आता!”

बाहेर कुणाचंही होवो, या घरात तरी ते गाणं माझं ठरायलाच हवं होतं. मी तिला जवळ ओढलं. “अगं, ते ‘आई गं’ गाण्यात नव्हतंच. रेकॉर्डिंगच्या वेळी तू माझ्या पोटात होतीस. ऐन कडव्यात अशी सणसणीत लाथ मारलीस, की माझ्या तोंडून निघून गेलं. सगळ्यांना आवडलं, म्हणून तसंच ठेवलं.”

तिने हातातला मोजा गालाला लावला.

“मग त्या दादाला कोणी लाथ मारली?”