शिळी पोळी

“मॅडम, कादंबरीतली आई त्यागमूर्ती नाहीये,” वर्गात उभी राहून तेजल म्हणाली. “ती रागावलीय.”

सामंत मॅडमनी मान वर केली. पहिल्या चाचणीत हिनंच गाईडमधलं ‘त्यागमूर्ती आई’ हे उत्तर जसंच्या तसं उतरवलं होतं, अगदी ‘पान ४२ पाहा’सकट!

“कशावरून म्हणतेस?”

“सगळ्यांना ती गरम पोळी वाढते आणि नवऱ्याला दर वेळी सकाळची. तिचा राग कुठेच लिहिलेला नाही, पण पोळी मात्र शिळी आहे.”

मॅडमनी कादंबरीची पानं उलटून पाहिली. पोळी खरंच शिळी होती, प्रत्येक वेळी.

“बस, बाई,” त्या खुशीत म्हणाल्या. “आता मला गाईडची नवी आवृत्ती काढावी लागणार.”

बाकांखाली लपवलेली गाईडं भराभर बाहेर आली. मुखपृष्ठावर मॅडमचंच नाव होतं.