मधली पानं

माळीकाकांनी कुंडीतल्या मातीत बोट खुपसलं, बाहेर काढून नाकाशी नेलं आणि मान हलवली.

"पाणी बरोबर आहे."

"ऐक!" वडील दारातून मुलीला म्हणाले आणि काकांकडे वळले. "आठ दिवस ही माझ्या नावानं शंख करतेय. म्हणे, बाबा, तुम्ही झाड बुडवलंत."

"तुम्ही उरलेला चहा ओतता त्यात. मी पाहिलंय," ती म्हणाली.

"दोनदाच. दुसऱ्या खेपेला बिनसाखरेचा होता."

माळीकाकांनी एक पान उलटं करून मागून अंगठा फिरवला. कीड नव्हती. कुंडीच्या भोकातून डोकावणारी मुळं पांढरी, धडधाकट. बिगोनिया छातीइतका वाढला होता. शेंड्याची पानं हिरवीगार, बुडाचीही बरी. मधली तेवढी तपकिरी, इस्त्रीचा चटका बसावा तशी. त्या करपलेल्या पानांच्या बगलेत कळ्यांचे दोन घोस लोंबत होते.

त्या कळ्यांसाठीच तिनं माळीकाकांना हातातलं काम सोडायला लावून गाडीत घालून आणलं होतं. कळ्या धरल्या तेव्हा आई होती. चष्मा चढवून, वाकून वाकून तिनं त्या पाहिल्या होत्या. आता रोज सकाळी एखादी फरशीवर पडलेली सापडे.

"कुंडी हलवली?"

"नाही. सात वर्षं इथंच आहे."

"खिडकीचा पडदा धुवायला टाकलाय?"

"पडदा कधी नव्हताच."

माळीकाका खिडकीकडे वळले. चार वाजून गेले होते. उतरतं ऊन आत येऊन शेंड्यावर आणि मधल्या पानांवर पडलं होतं; बुड खिडकीखालच्या भिंतीच्या सावलीत होतं.

"उन्हाचे चटके आहेत हे, ताई. शेंड्याला ऊन सवयीचं, त्याला काही नाही. या मधल्यांना ते नवीन आहे. इथं मध्ये आडोसा होता कसला तरी. कपाट म्हणा, फळी म्हणा. तो तुम्ही काढलात."

"काही नाही काढलं. खुर्ची होती, ती आहे की."

खिडकी आणि झाड यांच्यामध्ये वेताची खुर्ची होती. तिच्या पाठीच्या जाळीतून ऊन आरपार जात होतं.

"हिच्यानं काय अडणार?" काका म्हणाले. "या वेळी बसायचं का कोणी इथं?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायला घेतला होता.

"आई," ती म्हणाली. "पाठ शेकत बसायची. ऊन जाईपर्यंत."

काकांनी हातातलं पान अलगद सोडलं. मग कामाचंच बोलावं तसं म्हणाले, "कापू नका ही. नवी फुटतील ती उन्हातच फुटतील, त्यांना त्रास नाही. सावलीत वाढलेल्यांचंच अवघड असतं. कळ्या उमलेपर्यंत पंधरा दिवस सांभाळा. खिडकीला जुनी चादर बांधा एखादी."

"चादर कशाला?" वडील म्हणाले.

चष्मा न लावताच ते पुढे आले. गेल्या महिन्याभरात त्या खुर्चीला त्यांनी हातही लावला नव्हता. खिडकीकडे पाठ करून ते तिच्यात बसले. सावली झाडावर पडली.

"किती वाजेपर्यंत बसायचं?"

"सहापर्यंत," काका म्हणाले.

"मला कुठं जायचंय?"

ती झाडापाशी वाकली. कळ्या सावलीत आल्या होत्या.

"बाबा, जरा ताठ बसा ना."

"ताठच बसलोय गं. तुझी आई उंच होती. लग्नाच्या फोटोत मला विटेवर उभं केलं होतं."

तरी त्यांनी मान ताणली, खांदे उचलले. सावली बोटभर वर सरकली. करपलेली वरची दोन पानं उन्हातच राहिली.