दोघांपुरतं घर

माहूरच्या डोंगरात एक रीत आहे. ज्याला स्वतःचं घर हवं, त्यानं पायवाटेच्या कडेला दगडावर दगड रचून छोटंसं घर उभं करायचं. गेल्या हिवाळ्यात उदगीरच्या महादेवीनं असंच एक घर रचलं, तेव्हा तिचा नवरा अमरनाथ हसला होता. "एवढ्याशा घरात दोघं मावू का गं आपण?"

यंदा दोघं पुन्हा आले, तेव्हा थंडी हाडात शिरत होती. गवतावरचं दव गोठून पांढरं पडलं होतं. अमरनाथ भराभरा पुढं निघाला आणि धुक्यात दिसेनासा झाला. नुसती त्याची पावलं वाजत राहिली.

वळणावर महादेवीला आपलं घर दिसलं. आजूबाजूची सगळी घरं ढासळली होती, हेच तेवढं उभं होतं. आणि त्याच्या फटींतून बारीक धूर निघत होता, सकाळी चूल पेटल्यावर निघतो तसा.

तिनं वाकून हात लावला. दगड उबदार होता, झोपेतल्या माणसाच्या गालासारखा. तिला वाटलं, इथंच टेकावं, डोळे मिटावेत.

मग ध्यानात आलं, पुढची पावलं केव्हाच थांबली होती.

"अहो, थांबा की!" तिनं वर धुक्याकडं हाक मारली. "लई पुढं गेलात का?"

तिचा हात अजून त्या दगडावरच होता.

"ये की आत, लई गारठा हाय बाहेर," अमरनाथचा आवाज तिच्या तळव्याखालून आला. "मावतो गं दोघं."