रुखवतातलं चित्र

"हे काय, मोरी तुंबलीय का?" भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासकडे बोट करत वसुधाताईंनी विचारलं.

"चित्र आहे. माझं," चैताली म्हणाली.

"अस्सं. तुम्हीपण काढता?" वसुधाताई नाकातल्या नाकात हसल्या.

चैताली बिबवेवाडीत वर्षानुवर्षं रुखवत करून देत होती. सुपारीचे भटजी, लोकरीची बाहुली, मोत्यांची तुळस. कार्यालयात त्यावर पाटी लागायची, 'वधूने स्वहस्ते केलेले'. वधूला सुईत दोरा ओवता येत नसे, पण तोंड वर करून सांगायची, मीच केलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्या या पोरींचा चैतालीला मनस्वी तिटकारा होता, आणि त्यांच्या आयांचा त्याहून. वसुधाताईंनी लेकीच्या रुखवतातली तुळस तिच्याकडून तीनदा उसवून घेतली होती. तिसऱ्या खेपेला त्या दार आपटून गेल्या, आणि चैतालीनं मण्यांचे डबे बाजूला सारून आयुष्यात पहिल्यांदा मोठा ब्रश उचलला. जांभळा, पिवळा, आणि मधोमध आ वासलेलं काळं भोक. नवऱ्यानं पाहून विचारलं, "काही सांडलं का?" तेव्हापासून तिला एकच लागून राहिलं होतं. यात काय आहे ते न सांगता एका तरी माणसाला दिसावं. नाही दिसलं, तर आपण सुपाऱ्यांना शेंड्या चिकटवायलाच जन्मलो.

"हेही द्या," वसुधाताई एकदम म्हणाल्या. "शेफालीच्या सासरी भिंतभर असलीच बरबट टांगलीय. खूश होतील. तेवढं खाली तिचं नाव घाला."

"यावर माझं राहू दे ना."

"का हो? लग्न तुमचं आहे का?"

या लग्नसराईतली निम्मी गिऱ्हाइकं वसुधाताईंच्या भिशीतली होती. चैतालीनं कोपऱ्यात शेफालीचं नाव घातलं, आणि त्या दिवशी तिला सगळ्यांत जास्त किळस स्वतःचीच आली.

लग्नाच्या सकाळी रुखवत मांडून ती टेबलामागे उभी राहिली. वसुधाताई व्याह्यांकडच्या बायकांना हाताला धरून आणत होत्या. "सगळं आमच्या शेफूनं केलंय हो. बसून एकटीनं." शेफाली हिरव्या चुड्यात कंटाळून उभी होती. तुळशीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

सासूबाई चित्रापाशी थांबल्या. "आणि हे काय काढलंस गं?"

वसुधाताईंनी चैतालीकडे पाहिलं. चैतालीनं छताकडे पाहिलं. काय सांगायचं ते शेफालीला कुणी पढवलंच नव्हतं. तिनं वळून पहिल्यांदाच ते चित्र पाहिलं, आणि पाहतच राहिली.

"ही?" ती हळूच म्हणाली. "ही आमची आई."