आवाज जसाच्या तसा

कॉम्प्युटरच्या सेटिंगमधल्या त्या चौकोनात टिक लावली की टीव्हीचा आवाज पार बंद. टिक काढली की येतो, पण समोरच्या दोनच स्पीकरमधून. सुग्रीव सकाळपासून या दोन गोष्टींच्या मधे अडकला होता.

“मागून काहीच येईना,” खुर्चीतून आबाराव म्हणाले. “सगळे पुढंच गोळा होऊन बोलून राह्यले.”

“करून राह्यलो, आबा. थांबा जरा.”

शुगरनं आबारावांची नजर गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. तरी परतूरच्या या घरात रोज दुपारी सिनेमा लागायचा. आशाबाई नवऱ्याच्या शेजारी बसून सांगायची. आता दार उघडलं. आता तिनं पदर डोळ्याला लावला. आता तो माघारी वळला. उन्हाळ्यात आशाबाई गेली.

सुग्रीवचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आईसारखं रोज दुपारी घरी बसणं त्याला जमणारं नव्हतं. म्हणून त्यानं टीव्हीला एक कॉम्प्युटर जोडला, ॲम्प आणला आणि बापाच्या खुर्चीभोवती पाच स्पीकर लावले. कॉम्प्युटरनं सिनेमातला आवाज जसाच्या तसा ॲम्पकडं धाडायचा, स्वतःचं काही कालवायचं नाही; ती टिक त्यासाठीच होती. मग ॲम्प तो ज्याच्या त्या स्पीकरला वाटून द्यायचा. पहिल्याच दिवशी आबारावांनी दचकून मान मागं वळवली होती. “कोणतरी मागून आलं,” म्हणाले, आणि हसले. आशाबाई गेल्यापासून ते हसले नव्हते.

मग कॉम्प्युटरनं आपोआप अपडेट घेतलं आणि सगळा आवाज पुढं जाऊन बसला. थोडे दिवस आबारावांनी तक्रार केली. नंतर सिनेमा लाव म्हणायचंच सोडून दिलं. दुपारभर नुसते बसून राहायचे. आज सुग्रीवनं दुकान उघडलं नाही.

केबल बदलून झाली. सेटिंगच्या खिडक्या दहादा उघडून झाल्या. शेवटी त्यानं अपडेटनं घातलेला आवाजाचा नवा ड्रायव्हर प्रोग्राम काढून टाकला, जुना शोधून पुन्हा चढवला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि टिक लावली. ॲम्पवरची ‘स्टिरिओ’ ही अक्षरं विझली. तिथं पाच स्पीकरच्या आवाजाचं लांबलचक नाव उमटलं.

खुर्चीच्या मागून घुंगरं वाजली.

“आली!” आबाराव ताठ बसले. “बैलगाडी हाय. डाव्या अंगानं चालली.” त्यांचा हात हवेत गाडीच्या बरोबरीनं सरकत गेला.

गाडी थांबली. कोणीतरी उतरलं. पावलं वाजली, कडी वाजली. आणि मग काहीच नाही.

“गेला का रे परत?”

सुग्रीव उठून ॲम्पपाशी धावला. ते नाव तसंच उजळलेलं होतं. त्यानं सिनेमा मागं घेतला. घुंगरं, पावलं, कडी. आणि त्याच जागी पुन्हा सगळं गप्प. टिकसुद्धा जागेवर होती. तेव्हा कुठं त्यानं पडद्यावर काय चाललंय ते पाहिलं.

“बंद न्हाई पडलं, आबा. सीनच तसा हाय.”

“मंग काय चाललंय?”

“एक बाई बसली हाय. बाजेपाशी.”

“अन् बाजेवर?”

“म्हातारा हाय.”

“ती काय करून राह्यली?”

“काही न्हाई. बसली.”

आबाराव पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिले. मान किंचित कलती, जशी ते आशाबाईकडं करायचे. सुग्रीवनं स्टूल ओढलं आणि खुर्चीला खेटून बसला.

“पाय दाबून राह्यली त्याचे,” तो म्हणाला. “दाबता दाबता थांबली. आता त्याच्या तोंडाकडं बघून राह्यली. पायथ्याची चादर घेतली तिनं...”

पडद्यावर ती बाई चादर वर ओढत होती. गुडघ्यांवरून, छातीवरून. मधल्या स्पीकरमधून कापडाची बारीक सरसर आली. आबारावांनी तिकडं कान दिला. चादर म्हाताऱ्याच्या तोंडावरून गेली.

“अन्?”

सुग्रीवनं पडद्यावरची नजर काढून बापाकडं पाहिलं.

“अन् काय, सुग्रीव?”

“झोपला, आबा.”

आबारावांनी डोक्यावरची टोपी काढली. मांडीवर ठेवली. बोटांनी तिची घडी सारखी केली.

“बरं,” ते म्हणाले. “मंग आवाज कमी कर.”

पाचही स्पीकर गप्प होते. सुग्रीवनं रिमोट उचलला आणि बटण दाबत राहिला.