उलटा हात

प्रेमानंदनं दोन्ही तळहातांवर एकेक खोकं तोललं. उजवं जड लागलं.

"हा," तो म्हणाला. "याच्यात तांबं आहे. वजन खोटं बोलत नाही."

सीताबर्डीवरच्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात एसी चालू होता, तरी त्याच्या मानेवरून घाम निथळत होता. शेजारी त्याची लेक खुशी. सोमवारपासून तिची गेमिंगची स्पर्धा होती आणि पंधरा दिवसांपूर्वी जोडून आणलेला कॉम्प्युटर हात लावू देत नव्हता. कॅबिनेटला बोट टेकलं की झिणझिण. काल प्रेमानंदनं स्वतः हात लावून पाहिला. उलटा हात. तीस वर्षं लाइनमन होता तो. अनोळखी लोखंडाला लाइनमन तळहात लावत नाही, करंट मूठ आवळून घेतो आणि मग सुटका नसते. पोरीला बाराखडीच्या आधी त्यानं हे शिकवलं होतं. काल उलट्या हातालाही चांगलीच झिणझिण झाली, तसा त्यानं जागच्या जागी निकाल देऊन टाकला: पॉवर सप्लाय फालतू, नवा आणू.

"साडेसातशे वॅटचा आहे, काका," दुकानदार सौरव म्हणाला. "ग्राफिक्स कार्डाला पुरून उरतो. पाच वर्षांची वॉरंटी."

"वॉरंटी डब्याची, का माह्या पोरीची?"

सौरवनं खोक्यावरच्या वॉरंटीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मे महिन्यात आमच्या घरी, बेसाले, व्होल्टेज नाचून राहते. वरखाली झालं तर हा आपोआप बंद होते का?"

"होतो."

"अन् आत फ्यूज?"

"आहे, काका."

पोरीसाठी स्थळ पाहायला आला असता तरी गड्यानं इतकं खोदून विचारलं नसतं. पण भीती खरी होती. करंटनं काय होतं ते त्यानं खांबाखाली उभं राहून पाहिलं होतं, आणि रात्रभर त्याला त्या कॅबिनेटवर खुशीचा हात दिसत होता. त्यानं उजवं खोकं तिच्या हातात दिलं. "हाच. पक्का."

"एक सांगून ठेवतो," सौरव बिलबुक ओढत म्हणाला. "सप्लाय कितीही भारी न्या. घरी अर्थिंग नसलं तर कॅबिनेट करंट मारणारच. जुन्यातही दोष नसेल कदाचित. अर्थिंग आहे ना?"

खुशी हसलीच. "काय दादा! बाबा लाइनमन होते. आमच्या घरी अर्थिंग नसंन? बाबा आहेत ना!"

सौरवही हसला. प्रेमानंद हसला नाही.

मी आहो ना. हेच तो बोलला होता, पाच वर्षांपूर्वी, बेसाचं घर बांधताना. जमिनीतून वर आलेली अर्थिंगची तार पोर्चच्या फरशीला आड येत होती. काही केल्या फरशी सपाट बसेना. दोन दिवसांवर गृहप्रवेश, बुद्धवंदनेला शंभर माणूस येणार. मिस्त्रीनं विचारलं, "साहेब, या तारेचं काय करू?"

"काप," प्रेमानंद म्हणाला होता. "मंग पाहू. मी आहो ना."

ते 'मग' काही उगवलं नाही. याच चुकीसाठी त्यानं लोकांना त्यांच्या दारात उभं राहून झापलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. काल झिणझिण लागली तेव्हाही त्याला ती तार आठवली नाही. दोष सप्लायचाच, दुसऱ्या कशाचा असणार? लाइनमनचं घर ते!

आणि सप्लायनं तर नुसती झिणझिण दिली होती. फ्रिज. वॉशिंग मशीन. कूलर.

लोखंडी कूलर, आतला पंप पाण्यात. पाच उन्हाळे नशिबानं निघून गेले होते. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार. चार वाजता त्याची बायको मनकर्णा कूलर भरते. चालू कूलरमध्ये पाइप सोडून, अनवाणी, एक हात कूलरच्या पत्र्यावर टेकवून.

"काका, कॅश का ऑनलाइन?"

त्यानं फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. पुन्हा लावला.

"बाबा, कोणाले फोन लावून राहिले?"

त्यानं हातानंच तिला गप्प केलं. दुसरीही रिंग संपली. त्यानं काउंटर धरला. उचल वं बाई, उचल. तिसऱ्यांदा मनकर्णानं उचलला.

"काय जी? कूलर भरून राहिली होती. हात ओले आहेत माहे."

"दूर हो त्याच्यापासून."

"अवो, पाइप तसाच आहे, पाणी सांडन—"

"सांडू दे! हात लावू नको त्याले! हात पूस, चप्पल घाल अन् पहिले मेन स्विच पाड!"

"काहून? झालं काय?"

लाइनवर काम चालू आहे. तीस वर्षं लोकांच्या तोंडावर फेकलेलं हे वाक्य त्याच्या जिभेवर आयतंच आलं होतं. ते म्हटलं असतं तर भागलं असतं. उद्या गुपचूप फरशी फोडता आली असती. खुशी खोकं छातीशी धरून त्याच्याकडे पाहत होती.

"आपल्या घरी अर्थिंग नाही," तो म्हणाला. "तार मीच कापाले लावली होती. पाच वर्षं झाली."

पलीकडून चपलांचा आवाज आला. मग खट्‌ झालं आणि कूलरची घरघर थांबली.

त्यानं फोन खिशात घातला. खुशीनं खोकं काउंटरवर ठेवलं. हात पुढे करून तिनं त्याच्या मनगटाला लावला.

उलटा.